फसव्या संगणकातला पाहुणा

आमच्या कार्यालयात एक फसवा संगणक आहे. हॅकरनं खऱ्याऐवजी त्यात शिरावं आणि आम्ही त्याच्या चाली पाहाव्यात, एवढ्यासाठीच ठेवलेला. तो वापरातला वाटावा म्हणून मी त्यात कँटीनच्या पाणचट चहाची तक्रार लिहिली होती. काल आत शिरलेल्या कुणीतरी तिच्याखाली लिहिलं, 'आमच्याकडेही असाच मिळतो.'

शेतात बुजगावणं उभारणाऱ्यालाही त्याच्या खांद्यावर बसलेलं पाखरू आवडत असावं. आम्ही उत्तर द्यायचं नसतं. दिलं की समोरचा सावध होतो. मी लिहिलं, 'आलं घालून बघ.' तो लगेच निघून गेला.

"अहो, माग लागतच आला होता. निसटला कसा?" शेजारच्या सुलभाताईंनी विचारलं.

"मीच जाऊ दिलं त्याला."

"साहेबांना काय सांगाल?"

"हेच," म्हणालो आणि उठलो.