मोकळे टोक

जेवणाच्या टेबलावर तीन यंत्रांचे उजळ पडदे मांडलेले होते आणि तिन्हींवर एकच निळी रेघ झळकत होती. फोडणीतल्या हिंगाचा वास अजून घरात रेंगाळत होता, डोक्यावर पंखा फिरत होता, आणि तरीही त्या रेघेकडे पाहता पाहता माझ्या तळहातांना घाम फुटला. भय वाटावे असे त्या रेघेत काय होते? म्हटले तर काहीच नाही! माझी लेक मित्रा मोटारसायकलवरून एकटीच कोकणात निघाली होती आणि वाट दाखवायला कोणते यंत्र सोबत न्यावे, याची निवड चालली होती.

लग्नाच्या शालूचीही होणार नाही इतकी चिकित्सा तिने आठवडाभर केली. हँडलवर लावलेल्या फोनचा कॅमेरा हादऱ्यांनी बिघडतो म्हणे. मोटारसायकलसाठीचे खास जीपीएस यंत्र मात्र पाण्यापावसाला दाद देत नाही आणि हातमोज्यातले बोटही ओळखते. घाटात नेटवर्क गेले तरी चालणारे ॲप वेगळे, आणि घरी बसून प्रवास आखण्याचे सॉफ्टवेअर आणखी वेगळे. या शेवटच्यात हमरस्ता टाळून वळणावळणाच्या आडवाटा शोधून देण्याची सोय होती. “हायवेनं काय, ट्रकसुद्धा जातात,” असे म्हणून मित्राने तीच निवडली, निघालेली वाट तिन्ही यंत्रांत उतरवली, आणि मी ती रेघ पुन्हा पुन्हा मोठी करून पाहू लागले.

का, ते तुम्हाला म्हणून सांगते. पंचवीसेक वर्षांपूर्वी पुण्यात संगणकाच्या कंपन्या कुत्र्याच्या छत्र्यांसारख्या उगवत होत्या, आणि त्यांतल्याच एका कंपनीत मला पहिली नोकरी मिळाली. माझे वडील मार्केट यार्डात हमाल. उभा जन्म पाठीवर पोती वाहिलेल्या त्या माणसाची लेक थंडगार दालनात, गळ्यात ओळखपत्र घालून बसते, याचे त्यांना केवढे अप्रूप! “आमची पोरगी कंप्युटरवर रस्ते काढती,” असे ते यार्डभर सांगत सुटायचे.

आणि मी खरोखरच रस्ते काढीत असे. उपग्रहाने टिपलेली छायाचित्रे पडद्यावर यायची, त्यांतले रस्ते माऊसने गिरवायचे. प्रत्येकीच्या वाट्याला रोज नकाशाचा एक चौकोन. तो पुरा झाला की सॉफ्टवेअर तपासणी करी, आणि एखादा रस्ता कशालाच न मिळता मध्येच संपला असला, तर तिथे लाल ठिपका लुकलुकू लागे. त्याला आम्ही मोकळे टोक म्हणत असू. रस्ता खरोखरच तिथे संपतो असे म्हणायचे, तर वरिष्ठांना बोलावून, पुन्हा छायाचित्र मागवून, तसा खुलासा लिहावा लागे. माणसाच्या आयुष्यात किती वाटा अशा मध्येच संपतात, आणि कुणी खुलासा मागत नाही. पण यंत्राला संपणारी वाट सोसत नाही.

एका संध्याकाळी माझ्या चौकोनात भोरच्या पलीकडचा डोंगर आला. अलीकडून एक रस्ता येत होता, पलीकडून दुसरा, आणि मधे झाडीची दाट काळी सावली. फाटकापाशी कंपनीची बस हॉर्न वाजवत होती, मैत्रिणी हाका मारीत होत्या. एवढे दोन रस्ते समोरासमोर आले आहेत म्हणजे मिळतच असणार, असे मनाशी म्हणून मी दोन्ही टोके जोडून टाकली. नखाएवढी रेघ! ठिपका विझला, आणि मी बस गाठली.

आता मित्राची निळी रेघ भोर ओलांडून, कोयत्यासारखे वळण घेऊन, नेमकी तिथूनच पलीकडे जात होती. आपल्या हातचा टाका बाईला कुठेही ओळखू येतो. नकाशे विकले गेले असतील, एकावरून दुसरा उतरवला गेला असेल. यंत्रे तीन झाली, रेघ माझीच राहिली. मी भ्याले. इतकी, की खरे सांगायचेही धैर्य होईना. आधी उन्हाचे निमित्त काढले, मग मावशी येणार असल्याची थाप मारली. मित्रा ऐकेना, तेव्हा एकदाचे सारे सांगून टाकले.

ती पोट धरून हसली. “वा! तुझं ऐकायला नको म्हणून मी यंत्राचं ऐकायला लागले, तर त्यातही तूच बसलेली!” हसत हसतच तिने ॲपमध्ये चूक कळवण्याचे पान उघडले आणि ‘येथे रस्ता नाही’ असे लिहिले. खाली प्रश्न आला : आपण प्रत्यक्ष तिथे गेला आहात का?

तिचे बोट थबकले. तिने माझ्याकडे पाहिले आणि तिचे हसू मावळले. “हेल्मेट दोन आहेत,” ती म्हणाली.

रविवारी सकाळी लेकीच्या पाठीला बिलगून मी निघाले. कात्रजचा घाट मी डोळे मिटूनच ओलांडला. पण खरे विचाराल तर मला पडण्याचे भय नव्हते, पोचण्याचे होते. भोर मागे पडले, डांबर विरळ झाले, कोयत्याचे वळण आले, आणि पुढे बाभळीच्या काट्यांनी रस्ता अडवलेला दिसला. शेवटच्या घरातून एक म्हातारी बाई लगबगीने बाहेर आली.

“म्होरं रस्ता न्हाई गं बायांनो! फोनात हाय म्हनत्यात, पन वढा हाय. मागल्या पावसात नवरा-बायको गाडीसकट खाली गेली. वाचली, पन बाईचा पाय गेला. तवापासनं म्या काट्या लावत्ये. ज्या मुडद्यानं ह्यो रस्ता काढलाय, त्याला एकदा हितं आनाया पायजे.”

मी हेल्मेट काढले. “मावशी, तो मी काढलाय,” मी म्हणाले.

तिने मला खालीवर न्याहाळले. शिव्या देईल असे वाटले, दिल्या असत्या तर बरेही वाटले असते. तिने नुसती एक काटी बाजूला ओढली आणि म्हणाली, “मंग ये. बघ तरी.”

चार पावलांवर जमीन तुटलेली होती. खोल खाली दगडांतून पाणी वाहत होते, आणि एका खडकावर निळ्या रंगाचा ओरखडा अजून होता. मित्राने माझा दंड घट्ट धरला. मी विचारले, पाय गेलेली ती बाई कुठली.

“तुमच्याच पुन्याची,” म्हातारी म्हणाली. “पावसानं वाट बंद, म्हनून चार दिस माझ्याच वसरीत पडून व्हती. पुन्याला आलीस तर घरी ये म्हनून पत्ता लिवून दिलाय तिनं. देऊ?”

मित्रा माझ्याकडे पाहत होती. मी हात पुढे केला.