अठ्ठाविसावी जागा

थंडीत आमच्या फ्रिजच्या दारावर दोन कागद असतात. एक कचऱ्याचं वेळापत्रक: कुठल्या वारी जळणारा कचरा टाकायचा, कुठल्या वारी प्लास्टिक. दुसरी आमच्या बेसबॉल संघातल्या अठ्ठावीस खेळाडूंची यादी. पहिला कागद नगरपालिका देते, दुसरा नवरा बनवतो, एक्सेलमध्ये, रंगबिंग भरून. पुण्याहून इथे जपानात, टोकियोजवळच्या उरायासुला आलो तेव्हा क्रिकेटवाचून त्याचा जीव कासावीस व्हायचा. मग त्याने बेसबॉल धरला आणि माझ्याही गळ्यात मारला.

थंडीत सामने नसतात, पण खरी गंमत तेव्हाच. कोणाला घ्यावं, कोणाच्या बदल्यात कोणाला द्यावं. इथले लोक या दिवसांना 'स्टोव्ह लीग' म्हणतात, स्टोव्हभोवती बसून नुसत्या तोंडाने खेळायची. आमच्याकडे स्टोव्ह नाही, कोतात्सु आहे, म्हणजे खाली हीटर लावलेलं आणि वर रजई घातलेलं बुटकं टेबल. त्यात पाय घालून आम्ही दोघं कचाकचा भांडतो. दहा वर्षांची लेक "उरुसाई!" म्हणते, म्हणजे किती कटकट, आणि आपल्या खोलीत निघून जाते.

आता यादीचं सांगते. दुसऱ्या संघातला मोठा खेळाडू करार संपवून आपल्याकडे आला, तर त्या संघाला भरपाई म्हणून आपला एक खेळाडू नेता येतो. त्याआधी आपण अठ्ठावीस जणांना राखून ठेवायचं. त्या यादीबाहेरचा कोणीही त्यांनी उचलावा. ज्याला नेतात त्याला कोणी विचारत नाही. संघाची खरी यादी गुप्त असते, म्हणून आमच्यासारखे रिकामटेकडे घरोघरी आपापली बनवतात.

गेल्या थंडीत आमच्या संघाने एक डावखुरा पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा, घेतला. नवरा लहान मुलासारखा नाचला.

"अरे, त्याचा खांदा एकदा कापून झालाय," मी म्हटलं. "त्यापेक्षा आपले दोन तरुण देऊन तो उंच फलंदाज आणायचा होता."

"डावखुरे काय झाडाला लागतात का?" असं म्हणून त्याने सत्तावीस नावं भराभर सांगितली, मी लिहिली. अठ्ठाविसाव्या जागेवर गाडी अडली.

तिथे मला आमचा म्हातारा कॅचर, म्हणजे बेसबॉलमधला विकेटकीपर, हवा होता. म्हातारा म्हणजे सदतीस वर्षांचा. तो वर्षातून दहा-बारा सामने खेळतो. बाकीचे दिवस मैदानाच्या कडेला उकिडवा बसून पिचर लोकांना सराव देतो. पहिल्यांदा सामना बघायला गेले तेव्हा मला काही म्हणता काही कळत नव्हतं, म्हणून मी त्यालाच बघत बसले होते. पिचर खेळायला निघाला की हा त्याच्या पाठीवर थाप मारायचा आणि पुन्हा उकिडवा. मी तेव्हा जेवणाच्या डब्यांच्या कारखान्यात भात भरायचा बाइतो करत होते, म्हणजे तासांवरची नोकरी. तो माणूस मला आपला वाटला, झालं.

नवऱ्याला त्या जागी एकोणीस वर्षांचा नवा पिचर हवा होता. "अगं, या कॅचरला कोण नेतंय? कशाला जागा फुकट घालवायची? तो कुठे जात नाही."

मला पटलं नव्हतं, पण फार ताणलंही नाही. पेन माझ्याच हातात होतं. मी त्या पोराचं नाव लिहिलं आणि कॅचरला सोडून दिलं.

त्याच आठवड्यात नवऱ्याला ऑफिसने ओसाकाला बदली देऊ केली, बढतीसकट, एप्रिलपासून. लगेच फ्रिजवर तिसरा कागद चढला: जायचं तर काय काय सांभाळायचं. लेकीची शाळा. तिचा पियानो. नवऱ्याचा प्रवास, कारण टोकियोला जाताना गाडीत त्याचा रोज तास जातो. देशी किराणा. आणि शेवटी, आपल्या संघाचे सामने तिकडून कसे बघणार. चहा गाळता गाळता मी तो कागद तीनदा वाचला. संघ होता, माझी नोकरी नव्हती.

चार वर्षं मी फुनाबोरीच्या एका पाळणाघरात मदतनीस होते. नाकं पुसायची, बूट चढवायचे; वर्ग मात्र दुसऱ्या कोणाचा. शिक्षिका व्हायला नऊ पेपर द्यावे लागतात, सगळे जपानीत. तीन वर्षं घासले तेव्हा सुटले. घरात श्रीखंड झालं. मग आमच्या मुख्य बाईंनी, एन्चो-सेन्सेईंनी, मला बोलावलं. एप्रिलपासून कायमची नोकरी, दोन वर्षांच्या मुलांचा वर्ग तुमचा, महिनाअखेरपर्यंत सांगा. हे सगळं नवऱ्याला सांगितलं होतं. तो "वा!" म्हणाला होता, आणि ओसाकाचं निघाल्यावर म्हणाला, "तिकडे काय पाळणाघरं नाहीत? तुझं काम कुठेही होतं."

मला इतका संताप आला की मी गप्प बसले. बेसबॉलवरून मी दोन-दोन तास भांडते, पण स्वतःवरून नुसती भांडी आपटते. ही माझी जुनी खोड आहे.

महिन्याच्या शेवटच्या रविवारी सकाळी पोहे खाताना नवऱ्याने मोबाइल बघितला आणि चमचा खाली ठेवला. "कॅचर गेला," तो म्हणाला. "भरपाईत त्यांनी त्याला उचललं."

मी मोबाइल हिसकावून घेतला. नव्या संघाची टोपी घालून तो पत्रकारांपुढे बसला होता. मला वाटलं होतं, बिचारा खचला असेल. तो तर हसत होता. म्हणाला, "या वयात कोणीतरी माझं नाव घेऊन मला मागितलं. फार बरं वाटलं."

मी रडायलाच लागले. नवरा घाबरला. "अगं, राखीव कॅचर होता तो!" म्हणत राहिला.

सोमवारी मी एन्चो-सेन्सेईंसमोर उभी राहिले आणि हो म्हटलं. घरी न विचारता, जन्मात पहिल्यांदा. ट्रेनमध्ये परत येताना पश्चात्ताप म्हणाल तर नव्हता.

संध्याकाळी नवरा दारात बूट काढत होता तेव्हाच सांगून टाकलं.

"आणि ओसाका?" त्याने विचारलं.

"ते दोघं मिळून ठरवू. इथले कितीतरी नवरे बदलीच्या गावी एकटे राहतात. नाहीतर नाही म्हण. पण माझी नोकरी मी सोडणार नाही."

"मला न विचारता?"

मी त्याचा हात धरून त्याला फ्रिजवरच्या तिसऱ्या कागदापुढे उभं केलं. "यात मी कुठे आहे, दाखव."

तो वरून खाली वाचत गेला. मग पुन्हा वरून. "अगं, तू तर बरोबर असणारच ना," तो म्हणाला. "तुला कशाला लिहायचं?"

"कॅचरचंही असंच म्हणाला होतास," मी म्हटलं. "आणि सोडलं त्याला मीच, ते मला मान्य आहे."

मी आत जाऊन कुकर लावला. एक शिट्टी झाली, दुसरी झाली. तो स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला, ऑफिसच्या कपड्यांतच.

"वर्गात मुलं किती आहेत?"

माझ्या कामाबद्दल इतक्या वर्षांत त्याने विचारलेला हा पहिला प्रश्न होता.

"बारा," मी म्हटलं. "आत्ताही त्यांचे बूट मीच चढवते."

"नावं सांग ना त्यांची."

मी गॅस बारीक केला आणि एकेक नाव सांगायला लागले.