थोरलीच्या वाट्याचं गाणं

धाकटीला अजून सगळे धाकटीच म्हणतात. दात गेले, पाठ वाकली, आणि जिच्यामुळे ही धाकटी ठरली ती थोरली जाऊही केव्हाच गेली. नाव काही मोठं होईना.

दोघी जावा इस्पितळाच्या धुलाईघरात चादरींच्या घड्या घालत. मोठ्या चादरीला माणसं दोन लागतात: टोकं धरायची, ताणायची, मग पुढे येऊन जुळवायची. जवळ येताना एकीनं गाण्यातून टोमणा मारायचा, मागे सरताना दुसरीनं तो परतवायचा. जी अडली ती हरली. गठ्ठा वरच्या मजल्यावर तिनं न्यायचा. आता घड्या यंत्र घालतं, आणि यंत्राला जाऊ नसते.

लोकगीतं गोळा करून संपली, असं सभांमधून सांगणारे धाकटीच्या खोलीसारख्या खोल्यांचे जिने चढत नाहीत. कॉलेजातली एक मुलगी मात्र चढली. धाकटी सकाळपासून दाराकडे डोळे लावून बसली होती, पण तसं दाखवील तर शपथ.

मुलीनं फोन रेकॉर्डिंगला लावला. "म्हणा, आजी."

धाकटीनं पलंगावरची चादर खेचली आणि टोकं मुलीच्या हातात कोंबली.

"जाऊबाई आली, चादर भ्याली,
नाकाची सावली भिंतीवर गेली!"

आणि थांबली.

"पुढे?"

"पुढचं तिचं. मला हाणलेले टोमणे मीच म्हणू? वा गं वा!"

"दुसऱ्या कुणाला येतं का पण?"

येणार कुणाला? थोरलीला मूलबाळ नव्हतं. फोटो एकच, तोही लग्नाच्या घोळक्यातला, निम्मा चेहरा कुणाच्या तरी खांद्याआड. बाईचं जगात उरलं होतं ते एवढंच: धाकटीला मारलेले टोमणे.

"धर नीट! मेल्यासारखी काय धरतेस?" ती खेकसली आणि थोरलीचा घोगरा आवाज काढला:

"नाक माझं लांब, मला कळतं लांबून,
धाकटीनं पातेलं करपवलं झाकून!"

मग ओघच लागला. आळस निघाला, घोरणं निघालं, माहेरचा तोरा निघाला. धाकटी स्वतःला मनसोक्त झोडपत होती आणि डोळे पुसून हसत होती. मग ते एक आलं:

"मी जाईन आधी, तू राहशील मागं,
टोक कोण धरील तुझं, मग सांग ना गं?"

चादर ताणलेलीच राहिली.

"यावर तुमचं उत्तर?"

"त्या दिवशी दोघी हसतच सुटलो. सुचलंच नाही."

"आता जोडा ना काहीतरी. गाणं पुरं होईल."

जोडायला कितीसा वेळ? खोडून काढायला होतं कोण?

"नको. ती नसताना जिंकू? एवढी लबाड नाही मी."

मुलीनं फोन पिशवीत टाकला. "पुन्हा येऊ ना, आजी?"

"ये की. पण आधी जरा फटकळ हो. गरीब गाईपुढं काय गाणार मी? कुणी वाकडं बोललं की मला नवंसुद्धा सुचतं."

"बरं, आजी. तुम्ही म्हणाल तसं," मुलगी म्हणाली. इतकं गोड म्हणाली, की धाकटीनं कपाळाला हात लावला.