फोनमधली चिमणाबाई

पेठ तालुक्यातल्या त्या पाड्यावर चिमणाबाई तिच्या आवाजावरून ओळखली जायची. एरवी जाडाभरडा, घोगरा आवाज. पण कळा देणाऱ्या बाईच्या उशाशी बसली की तोच आवाज मऊ व्हायचा. कितीतरी वर्षं पाड्यावरच्या बाळंतपणांना तिलाच बोलावणं यायचं. मग रस्ता झाला, सरकारी गाडी दारापर्यंत यायला लागली, पोरी दवाखान्यात बाळंत होऊ लागल्या. "बरं झालं, बाया वाचत्यात," असं ती म्हणायची आणि मनापासून म्हणायची. तरी एखादीला घेऊन गाडी गेली, की ती ओट्यावर उगाच बसून राहायची.

दिवाळीनंतर नाशिकहून वेदिका नावाची मुलगी पाड्यावर आली. बाळंतपणात बाईला आणि सोबतच्या माणसाला धीर देणारं, दवाखाना कधी गाठायचा ते सांगणारं एक अ‍ॅप ती बनवत होती. ते बायांना कळतं का, हे तिला बघायचं होतं. चिमणाबाईची सून सरिता तेव्हा पोटुशी होती, म्हणून बैठक त्यांच्याच ओट्यावर भरली. वेदिकाने बटण दाबलं आणि फोन तिच्याच आवाजात बोलला, "कृपया दीर्घ श्वास घ्या."

सरिताला हसू आवरेना. "आई, ही तर एसटी स्टँडवरची बाई! आता गाडी कुठल्या फलाटाला लागली ते सांगंल."

"अशा येळी कुणी कृपया म्हणतं व्हय?" चिमणाबाई म्हणाली आणि सुनेच्या पाठीवर हात ठेवून सहज बोलून गेली, "श्वास घे, बाय. लांब घे. आता सोड. मी हाय."

वेदिकाने फोन खाली ठेवला. "मावशी, अ‍ॅपमध्ये तुम्हीच बोलाल का?"

आठवड्याभराने चिमणाबाई नाशिकला वेदिकाच्या ऑफिसात माइकसमोर बसली. आवाज घुमू नये म्हणून भिंतींना गाद्या टेकवल्या होत्या. तिला वाचता येत नव्हतं. वेदिका वाक्य सांगायची, ती आपल्या शब्दांत बोलायची. मजकूर तपासणाऱ्या डॉक्टर उज्ज्वला शेजारीच होत्या. काम झकास चाललं होतं, तोवर वाक्य आलं, "मध्ये मध्ये घोट घोट पाणी द्या."

"नाय," चिमणाबाई म्हणाली. "कळा चालू असताना पाणी नाय देत. मूल वर सरकतं."

डॉक्टरांनी समजावलं, की पाणी आणि मूल वेगळ्या पिशव्यांत असतात, आणि बाई कोरडी पडली तर तिचं बळ जातं. चिमणाबाईने ऐकून घेतलं, पण पदर सावरून उठली. "जन्मभर नाय म्हनलं, ते आता कोणत्या तोंडानं व्हय म्हणू?"

वेदिकाने आग्रह केला नाही. तिला बसमध्ये बसवून दिलं.

बस घाट चढू लागली तेव्हा चिमणाबाईला स्वतःचं पहिलं बाळंतपण आठवलं. लेकाच्या, धनराजच्या वेळचं. कळा कशा होत्या ते आता आठवतही नव्हतं. आठवत होती ती तहान. ती पाणी पाणी करत होती आणि सासू ओलं फडकं ओठांना लावत होती. सासूला तिच्या सासूने तसंच शिकवलेलं. पाणी का द्यायचं नाही, हे कुणी कुणाला विचारलंच नव्हतं.

दोन दिवसांनी ती आपणहून नाशिकला परतली. माइकसमोर बसून म्हणाली, "तहान लागली ना, बाय? पी. घोटभर पी, घाई नाय. अरं, बघत काय उभा? पाणी दे तिला."

सोबतच्या माणसाला असं दटावणं कागदावर नव्हतं. डॉक्टर हसून म्हणाल्या, "राहू दे ते."

द्राक्षांच्या हंगामात धनराज सरिताला घेऊन पिंपळगावकडे मळ्यावर कामाला गेला. नवव्या महिन्यात चिमणाबाई तिकडे जाणार होती, पण पोर आधीच निघालं. दुपारी धनराजचा फोन आला, "आई, कळा सुरू झाल्या, गाडी बोलावलीय," आणि रेंज गेली. चिमणाबाई फोन उंच धरून अंगणभर फिरली. ती पहिल्यांदाच आपल्या माणसाच्या बाळंतपणाला उशाशी नव्हती. मग वेदिकाने धनराजच्या फोनमध्ये घालून दिलेलं ते अ‍ॅप तिला आठवलं. ते त्याने लावलं असेल का?

दिवस मावळताना परत फोन वाजला. मुलगी झाली होती, दोघी सुखरूप होत्या. सरिताचा आवाज दमलेला, पण त्यात हसू होतं.

"आई, नर्सबाईंनी यांना जवळ बसू दिलं. तुमी फोनमधून वरडल्या, बघत काय उभा, तर हे घाबरून पाणीच घेऊन आले!"

"आन् मंग?"

"मंग कळ आली का तुमी म्हणायच्या, मी हाय. मी म्हनलं, हाय तर हाय, बरं हाय."

चिमणाबाईने फोन कानाशी धरून ठेवला. पलीकडे नात रडत होती.

आता अ‍ॅपमध्ये बाळाला पाजण्याचा भाग घालायचाय. परवा चिमणाबाई पुन्हा त्या गाद्यांच्या खोलीत बसली होती. वेदिकाने पहिलं वाक्य सांगितलं, "पहिला चीक टाकून देऊ नका, बाळाला पाजा."

चिमणाबाईच्या कपाळावर आठी आली. पाड्यावर चीक पिळून टाकायचीच रीत होती. तिने डॉक्टरांकडे खुर्ची वळवली.

"बरं. का ते आधी मला नीट सांगा. मंग बोलते."