निळा गणपती

जरीपटका भागात आमचं लग्नपत्रिका छापायचं छोटं ऑफिस आहे. चुकलेल्या पत्रिका आणि किस्से, दोन्ही तिथे साठतच राहतात. पत्रिका रद्दीत जातात, किस्से मात्र माझ्याजवळच उरतात!

त्यातले निम्मे वसंतकाकांचे. काका आमचे सगळ्यात जुने डिझायनर. स्क्रीन पाहून त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायचं, म्हणून मी डार्क मोड लावून दिला. काकांनी आधी वायर हलवली, मग मॉनिटरला दोन थापा मारल्या. शेवटी मला म्हणाले, "लग्नाच्या कामात काळं चालत नाही वं पोरी."

मग मी कॉम्प्युटरमधला नाइट लाइट लावला. स्क्रीन पिवळसर झाली आणि काका खूश झाले.

आठवड्याने बेसा भागातल्या एका लग्नाची पत्रिका छापून आली. पांढरा गणपती चक्क निळा! पिवळ्या स्क्रीनवर तो पांढरा दिसावा म्हणून काकांनी निळा रंग वाढवत नेला होता. मुलीची आई शांतपणे म्हणाली, "आमच्या घरी लग्न आहे जी, गोकुळाष्टमी नाही."

मालकांनी बजावलं, पुन्हा असं झालं तर काकांनी घरीच बसायचं. काका त्या दिवशी डबा न उघडता गेले. मला फार अपराधी वाटलं, लाइट मीच लावला होता ना!

दुसऱ्या दिवशी नाइट लाइट बंद. रंग ताडून बघायला काकांनी मॉनिटरपुढे हळदीकुंकवाच्या वाट्या मांडल्या. एका गिऱ्हाइकाने चपला काढून कॉम्प्युटरला नमस्कार केला आणि प्रसाद मागितला. काकांनी डब्यातला चिवडा दिला.

हळद जुळायची, पण फाइलमध्ये पांढरं निळंच येत राहिलं. लाइट तर बंद होता! काका घरी गेले की मी त्यांच्या फाइलची कॉपी करून निळा कमी करायची आणि ती छपाईला पाठवायची. कोणाला काही बोलले नाही.

पुढे डॉक्टरांनी मोतीबिंदू सांगितला. त्यातून सगळं पिवळसरच दिसतं म्हणे. दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झाली.

काका परत आले त्या दिवशी त्यांनी आपल्या जुन्या फाइल उघडल्या. निळा गणपती. शेजारी छापलेली पत्रिका धरली. पांढरा गणपती. दुसरी फाइल, दुसरी पत्रिका. तिसरी. मी मान खाली घालून टाइप करत राहिले.

पत्रिका खाली ठेवून काका म्हणाले, "पांढरा चांगला साधला वं तुले."