कामकाजात नोंदलेली अडाणी बाई

साहेब लोकसभेत बोलायला उभे राहिले तेव्हा मी त्यांच्या बंगल्याच्या हॉलमध्ये टीव्हीसमोर खुर्चीवर बसले होते. त्यांचा पीए माझ्याजवळ आला. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "तू ऊठ. वहिनीसाहेबांच्या माहेरची माणसं आलीत. दाराशी उभी राहा."

मी उठले. दाराशी चपलांचा ढीग होता. त्यात पाय ठेवायला जागा करून मी टीव्हीकडं बघत राहिले. साहेब जे वाचणार होते, ते मी लिहिलं होतं.

साहेबांचं नाव लिहीत नाही. मतदारसंघही लिहीत नाही. नाव घेतलं की तेवढा एक बदनाम होतो आणि त्याच्यासारखे बाकीचे सुटतात. खानदेशातले एक खासदार, एवढं पुरे.

त्यांच्या संपर्क कार्यालयात मी तीन वर्षं होते. एम.ए. झालेली, मराठी टायपिंग येणारी, म्हणून घेतली. मंत्र्यांना पत्रं, सभागृहातले प्रश्न, भाषणं, जयंतीचे संदेश, सगळं मीच लिहायचे. साहेबांना वाक्य सुचत नसे. सुचलंच तर संपत नसे. पत्रकार आले की मला मागच्या खोलीत पाठवायचे. मुंबई-दिल्लीचा कुणी पाहुणा आला की मात्र मला पुढं बोलवायचे आणि खांद्यावर हात ठेवून सांगायचे, "ही बौद्धवाड्यातली आमची पोरगी. आमच्याकडं असला भेदभाव चालत नाही." पाहुणा मान डोलवायचा. मी नमस्कार करायचे. बाजारात जनावराचे दात दाखवतात तसं ते माझं शिक्षण दाखवत. आणि मला त्यातही बरं वाटायचं, हे कबूल करते.

आमची वस्ती रेल्वेलाइनच्या पलीकडं आहे. गाव, शाळा, दवाखाना, रेशनचं दुकान अलीकडं. पूर्वी मधे फाटक होतं. ते बंद केलं आणि रुळांखालून बोगदा काढला. कागदावर त्याला भुयारी मार्ग म्हणतात. तो नाल्यापेक्षा खोल खणला. पाऊस सुरू झाला की भरतो आणि दिवाळीपर्यंत रिकामा होत नाही. कमरेएवढं हिरवं पाणी. त्यातून जा, नाहीतर वर चढून रूळ ओलांडा. तिसरा रस्ता नाही.

माझी आई रुळावर गेली. शेतात निंदणीला निघाली होती. डोक्यावर भाकरीचं गाठोडं, हातात विळा. जवळच्या लाइनवर मालगाडी थांबलेली होती. ती निघून जाईपर्यंत आई उभी राहिली. गाडी गेली, ती पुढं झाली. त्या गाडीआड पलीकडच्या लाइनवरून येणारी दुसरी गाडी तिला दिसली नाही. रेल्वेच्या कागदावर लिहिलं आहे, रुळावर अनधिकृत प्रवेश.

शून्य प्रहरात बोलायला साहेबांना संधी मिळाली तेव्हा म्हणाले, "आपल्या भागाचं काहीतरी दे. देशाशी जोडून दे." मी एक पान लिहून दिलं. देशभर फाटकं बंद झाली, भुयारी मार्ग झाले, काम पूर्ण असा शेरा पडला. पण रुळांपलीकडच्या माणसांना कुणी विचारलं नाही, असं लिहिलं. आमच्या गावाचं नाव लिहिलं. आईचं नाव लिहिलं. त्याखाली एक वाक्य लिहिलं: ती रूळ ओलांडत नव्हती, ती कामाला जात होती. साहेबांनी पान वाचलं, म्हणाले, "मस्त जमलंय." मला वाटलं, आई दिल्लीला पोचली.

आता टीव्हीवर ते मराठीत बोलत होते. हॉलमधल्या माणसांना त्याचंच कौतुक. आधी देशाच्या वेगवान गाड्यांचा अभिमान सांगितला. तो माझ्या पानावर नव्हता. मग म्हणाले, "अध्यक्ष महोदय, माझ्या भागात एक अडाणी बाई गाडीखाली आली. या लोकांना कितीही समजावलं तरी कळत नाही. तिथं रुळाच्या कडेनं भिंत बांधावी, ही माझी मागणी आहे." शेवटी उड्डाणपूल मागितला. तो आमच्या गावाला नाही. दोन स्टेशनं पुढं, त्यांच्या मेहुण्याच्या कापसाच्या जिनिंगसमोर.

हॉलमध्ये टाळ्या वाजल्या. माहेरची माणसं म्हणाली, काय आवाज आहे. पीएनं पेढ्यांचं ताट माझ्या हातात दिलं. "वाट सगळ्यांना."

मी वाटले. हे लिहिताना अजून लाज वाटते. आईला अडाणी म्हटल्याचे पेढे मी एकेकाच्या हातावर ठेवले आणि वहिनीसाहेबांच्या आईला वाकून दिले. कुणी जबरदस्ती केली नव्हती. तीन वर्षांत हाताला सवयच तशी लागली होती.

संध्याकाळच्या एसटीनं घरी गेले. वडिलांना आम्ही नाना म्हणतो. ते अंगणात वाट बघत होते. आमच्याकडं टीव्ही नाही. त्यांनी विचारलं, "तुनी मायनं नाव लिधं का त्यास्नी?"

मी हो म्हटलं.

नानांनी डोक्यावरची टोपी काढली आणि मांडीवर ठेवली. त्यांना समाधान वाटलं होतं. साहेब दिल्लीत खोटं बोलले ते त्यांच्या धंद्याला धरून होतं. मी माझ्या बापाशी खोटं बोलले होते.

आठवड्याभरात गावात साहेबांचा सत्कार ठरला. प्रश्न संसदेत मांडला म्हणून. आभाराचं भाषण मी करावं, असा पीएचा निरोप आला. "आईचं नाव काढून थोडी रड. व्हिडिओ काढायचाय."

लोकसभेत कोण काय बोललं ते शब्दाला शब्द नोंदवून ठेवतात. ते कुणालाही मिळतं. त्या दिवसाचं कामकाज मी कार्यालयातच प्रिंट केलं, त्यांच्याच कागदावर. सत्काराच्या सकाळी नानांना समोर बसवून खरं सांगितलं. त्यांनी ओरडावं असं मला वाटत होतं. ते म्हणाले, "बठ्ठास्ले वाची दखाड." सगळ्यांना वाचून दाखव.

शाळेच्या मैदानात मंडप होता. साहेबांच्या गळ्यात हार, अंगावर शाल. मी माइक हातात घेतला आणि वाचलं. अध्यक्ष महोदयपासून मागणीपर्यंत. माझा एक शब्दही घातला नाही. अडाणी बाई आलं तिथं थांबले, आईचं नाव सांगितलं आणि पुढं वाचलं. वस्तीतल्या बायका उठून उभ्या राहिल्या. पीएनं माइक बंद केला. माझा आवाज मोठा आहे. मी माझं मूळ पान काढलं आणि तेही वाचलं.

साहेब हसत होते. फोटोत हसतात तसंच. खुर्चीतूनच म्हणाले, "पोरी, तुला आम्ही घडवलं, विसरू नको."

मी म्हटलं, "तुम्ही मला कामाला ठेवलं. घडवलं तिनं, जिला तुम्ही अडाणी म्हणालात."

नाना मागून चालत स्टेजपर्यंत आले. आयुष्यात ते असल्या माणसाशी वर बघून बोलले नव्हते. म्हणाले, "साहेब, ती अडाणी नव्हती. बोगदामा कितलं पानी शे, ते तिले म्हाईत व्हतं. तुम्हले नही म्हाईत."

साहेब उठले. शाल खाली पडली ती उचलली नाही. गाड्या निघून गेल्या. गावातली काही मोठी माणसं आमच्यावरच चिडली. निधी जाईल म्हणाली. कुठला निधी, ते कुणाला सांगता येईना.

नोकरी त्याच दिवशी गेली. आता मी धुळ्याला एका झेरॉक्सच्या दुकानात लोकांचे अर्ज लिहून देते. बोगदा तसाच आहे. भिंतीसाठी मोजणीवाले येऊन गेले, चुन्यानं खुणा करून गेले. साहेबांची एवढी एकच मागणी सरकारनं तातडीनं ऐकली.

वस्तीतल्या बायकांनी त्या खुणा पुसल्या. मी ग्रामसभेचा ठराव लिहिला: भिंत नको, पायी पूल पाहिजे. सरपंचानं तो घ्यायला नकार दिला, तेव्हा आम्ही ग्रामपंचायतीच्या दारात बसलो. तिसऱ्या दिवशी घेतला.

साहेबांबद्दल मला आता राग नाही. रागावण्याएवढा तो माणूस मोठा नाही. दुसऱ्याच्या कागदावरचंही ज्याला धड वाचता येत नाही, त्याला मी तीन वर्षं साहेब म्हटलं, ही चूक माझी. ती पुन्हा होणार नाही. चुन्याच्या खुणा पुन्हा पडल्या तर पुन्हा पुसू. विटा आल्या तर विटांच्या गाडीपुढं बसू. आणि निवडणुकीत जो कोणी मत मागायला येईल, कुठल्याही पक्षाचा, त्याला गाडीतून खाली उतरवून त्या हिरव्या पाण्यातून चालवत वस्तीत आणू. चालणार नसेल तर त्यानं गावाकडंच थांबावं.