हॉइट काठावर बसला

धरणाखालच्या त्या नदीवर माणसांच्या दोनच जाती, पाण्यात उभे राहणारे आणि काठावर बसणारे. पाण्यातले छातीपर्यंत रबरी विजारी चढवतात, पिसं-दोऱ्यानं बांधलेली खोटी माशी हवेत नाचवत पाण्यावर टेकवतात आणि मासा मिळालाच तर बहुधा सोडून देतात. काठावरचे घडीच्या खुर्चीत बसून गळाला गांडूळ नाहीतर डब्यातला मक्याचा दाणा लावतात आणि मिळालेले ट्राउट मासे घरी नेऊन तळतात. अर्वेला काठावरची, तिचा नवरा हॉइट पाण्यातला. वर्षानुवर्षं दोघं एकाच गाडीतून यायची आणि उतरली की जणू ओळखच नाही.

"तुम्ही मक्यावाले मासे कुठे धरता? जेवायला बोलावता त्यांना," हॉइट म्हणायचा.

"आणि तुम्ही उपाशी ठेवून फसवता!" अर्वेला म्हणायची. तिचा जन्म शाळेच्या स्वयंपाकघरात पोरांना वाढण्यात गेला होता. नवऱ्याच्या टोमण्यांना ती कसली भीक घालते!

गेल्या हिवाळ्यात हॉइटला अर्धांगवायूचा झटका आला. पाय जेमतेम सावरला, जीभ तर आधीपेक्षा तिखट झाली, पण डावा हात काही परतला नाही. माशी फेकायला एक हात लागतो आणि दोरी ओढायला दुसरा. वाहत्या पाण्यात आता उभंही राहवेना. अर्वेला म्हणाली, "माझ्याशेजारी काठावर बस." हॉइट म्हणाला, "त्यापेक्षा टीव्हीसमोर बसतो." आणि बसला तो बसलाच. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, ते उगाच नाही. हळूहळू दाढी वाढली, बोलणं आटलं. मग एका सकाळी न्याहारी करताना त्यानं जाहीर केलं, की शनिवारी पुतण्या डॅरेल येणार आहे आणि गळाच्या काठ्या, खोट्या माश्यांचा डबा, सगळं घेऊन जाणार आहे.

डबा गेला की हा माणूस त्या टीव्हीसमोरून पुन्हा उठायचा नाही, हे अर्वेलाला लख्ख दिसत होतं.

शुक्रवारी दुपारी तिनं पाठ धरल्याचं नाटक केलं. "बादली उचलायला चल. मासे मी धरते." हॉइट कुरकुरत निघाला. वेळ तिनं विचार करून निवडली होती. उन्हाचा असा कहर, की घरोघर एसी घरघरत होते. एवढी वीज लागली की धरणवाले पाणी सोडणारच. आधी भोंगा वाजतो. तो वाजला की पाण्यातल्यांनी मुकाट्यानं काठ गाठायचा. काठावरच्यांची मात्र तेव्हाच सुगी, कारण पाणी चढू लागलं की तळाचं खाद्य सुटून वाहतं आणि ट्राउट वेड्यासारखे तुटून पडतात.

भोंगा वाजला. अर्वेलानं आपली काठी हॉइटच्या हातात कोंबली, त्याला खुर्चीत ढकललं. "धर जरा. मला जाऊन यायचंय."

"आत्ता?"

"म्हातारपणाला वेळकाळ असतो होय?" म्हणत ती गाडीमागं गेली आणि तिथूनच डोकावून बघत राहिली.

काठीला हिसका बसला. नेमका त्याच वेळी हॉइटचा जुना जोडीदार वेंडेल निथळत काठावर चढला आणि जागीच थबकला. "हॉइट! मक्याला लागलास?"

अर्वेलानं डोळे मिटून घेतले. आता हा काठी फेकून देणार, आणि संपलंच सगळं.

"वेंडेल, तोंड मिट आणि जाळी आण!" हॉइट ओरडला. काठी त्यानं डाव्या बगलेत दाबली होती आणि उजव्या हातानं चरखी फिरवत होता. अंगावर गुलाबी पट्टा असलेला गुबगुबीत ट्राउट जाळीत आला तेव्हा हॉइट हसला, खळखळून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. हिवाळ्यापासून त्या घरानं हे हसू ऐकलं नव्हतं.

"अर्वेला! गाडीमागून तुझं ढुंगण दिसतंय. ये इकडे, आणि तो दाणा काढ."

"का? बाटलास?"

"तुझा तो तरंगता गोळा बांध. त्याच्यामागं माझी माशी लाव." आपल्या टोपीला खोवलेली माशी त्यानं काढून दिली. पोकळ गोळ्यात थोडं पाणी भरलं की त्याच्या वजनानं एका हातानंही लांब फेकता येतं. अर्वेला चष्मा सरसावत, त्या इवल्याशा गळाला शिव्या घालत गाठ मारायला बसली. वेंडेल मदतीला सरसावला तर दोघांनी मिळून त्याला झापलं. त्या माशीवर हॉइटनं आणखी दोन धरले.

घरी येताना अर्वेलानं शनिवारचं नावसुद्धा काढलं नाही. रात्रभर तिचा डोळ्याला डोळा लागला नाही.

सकाळी डॅरेलनं काठ्या गाडीत भरल्या आणि डबा उचलायला आत आला. हॉइटनं डब्यावर हात ठेवला. "काठ्या ने. खुशाल ने. हा राहू दे."

"काका, काठीशिवाय माश्यांचं काय करणार?"

"तुझ्या काकूची काठी आहे ना."

अर्वेला शेगडीकडे तोंड करून उभी होती. तव्यातली अंडी करपली तरी ती वळली नाही. ती रडत होती, आणि हॉइटला ते दिसू नये एवढंच तिला हवं होतं.

दुपारी ती बाजारात गेली आणि आणखी एक घडीची खुर्ची घेऊन आली.